सहल जुलैत नको, भर दुपारी नको: शिकागो परिसरातल्या मराठी मंडळांच्या सहल समित्यांना खुलं पत्र

सहल समितीच्या सर्व सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

शिकागो, नेपरव्हिल, ऑरोरा, शॉम्बर्ग या पट्ट्यातल्या मराठी मंडळांसाठी हे पत्र आहे. कुठल्या एका मंडळाचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने पद्धत सगळीकडे तीच. यंदाची सूचनाही तशीच आली: इलिनॉय नदीकाठचं स्टार्व्ड रॉक स्टेट पार्क, जुलैतला शनिवार, साडेअकराला पार्किंगमध्ये जमणे, एक वाजता वडापाव, चारला परतीचा प्रवास. आपापल्या गाडीने यावे.

आम्ही वर्गणी भरणारी माणसं. आमची मुलं आणि उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी भारतातून येणारे आमचे आई-वडील इलिनॉय राज्य पाहतात ते मुख्यतः या एका सहलीतून. एरवी त्यांच्या वाट्याला हायवे आणि इंडियन ग्रोसरी. म्हणून ही सूचना गप्प बसून स्वीकारता येत नाही. समितीचे लोक स्वतःच्या सुट्ट्या खर्चून हे काम करतात, त्याबद्दल आदर आहेच. तक्रार नियोजनाबद्दल आहे.

आधी तारीख. जुलै म्हणजे धबधबे हे गणित सह्याद्रीचं. स्टार्व्ड रॉकमध्ये १८ घळी आहेत आणि त्यातल्या बहुतेकींत धबधबा पडतो, पण तो बारमाही नाही. वरच्या पठारावरचं पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी घळीत उतरत असतं तेवढेच दिवस तो वाहतो. हे दिवस साधारण मार्च ते मे. जुलैत आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला असेल तर नशीब, नाहीतर भिंतीवर ओला पट्टा आणि खाली डबकं. सेंट लुई घळीतला धबधबा त्यातल्या त्यात जास्त टिकतो. एप्रिल-मेमध्ये घळींच्या उतारांवर रानफुलं असतात, डास कमी असतात, झाडांची पानं पूर्ण भरलेली नसल्यामुळे वरून नदीही दिसते. ऑक्टोबरचा मध्य सुंदर, पण पानांचे रंग पाहायला अख्खं शिकागो तिथे लोटतं. तेव्हा जायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी.

मग वेळ. वर्षाला २० लाखांहून जास्त लोक या पार्कमध्ये येतात, इलिनॉयमध्ये सर्वाधिक. विस्कॉन्सिन किंवा इंडियानाच्या स्टेट पार्कमध्ये गाडीमागे पैसे पडतात. इथे प्रवेश फुकट, पार्किंग फुकट. शिवाय शिकागोपासून दीड तासावर. परिणाम उघड आहे. उन्हाळी शनिवार-रविवारी सकाळ संपता संपता पार्किंग भरतं आणि मग प्रवेश बंद करतात. साडेअकराला बोलावलेल्या साठ गाड्यांपैकी वीस आत जातात, बाकीच्या १७८ नंबरच्या रस्त्यावर रांगेत. पार्कच्या बऱ्याच भागात फोनला रेंज धड नसते, त्यामुळे कोण कुठे आहे ते कळत नाही. वड्यांची गाडी बाहेर आणि चटणीची आत, असा प्रकार होतो. बाहेरचे लोक मग दोन-तीन मैलांवरच्या मॅथिसन स्टेट पार्ककडे वळतात, तर तेही तोवर भरलेलं असतं.

परवानगीबद्दल समित्या बोलतच नाहीत. इलिनॉयच्या स्टेट पार्कमध्ये २५ हून जास्त लोकांचा गट आणायचा तर त्या पार्कच्या कार्यालयाची आगाऊ परवानगी लागते, आणि लहान मुलांचा गट असेल तर दर १५ मुलांमागे किमान एक जबाबदार मोठं माणूस. ‘आम्ही वेगवेगळ्या गाड्यांनी आलो, म्हणजे गट नाही’ ही पळवाट आहे. एकाच रंगाचे टीशर्ट घातलेली दीडशे माणसं गट नाहीत, हे कोणाला पटणार? परवानगी मागितल्याचा फायदा आपल्यालाच होतो. कुठली वाट बंद आहे, कुठल्या पायऱ्यांचं काम चालू आहे, बस कुठे उभी करायची, शेडचं आरक्षण कसं, हे सगळं त्याच फोनवर कळतं. मॅथिसनला घळीत उतरायचं तर पायऱ्यांवाचून सोय नाही. त्या बंद असतील तर तिथे जाऊन पुलावरूनच खाली डोकवायचं.

आता सुरक्षितता. इथला खडक सेंट पीटर वालुकाश्म आहे, ४५ कोटी वर्षांहून जुना, जवळपास शुद्ध क्वार्ट्झच्या गोल दाण्यांचा. दाण्यांना धरून ठेवणारं सिमेंट फार कमी, म्हणून बोटाने घासला तरी वाळू हातात येते. (सिव्हिलवाल्यांना ओटावा सँड हे नाव माहीत असेल. भारतात सिमेंट तपासायला एन्नोरची वाळू प्रमाण मानतात, अमेरिकेत शेजारच्या ओटावा गावची. तीच ही वाळू.) हिमयुगाच्या शेवटी आलेल्या महापुरांनी नदीचं खोरं याच मऊ खडकातून कोरलं, आणि खोऱ्याकडे धावणाऱ्या ओढ्यांनी या घळी पाडल्या. म्हणून त्या इतक्या देखण्या आहेत आणि म्हणूनच त्यांची कड भरवशाची नाही. वरून भक्कम दिसणारी कड खालून पोखरलेली असू शकते. कड्यावरून पडून माणसं दगावल्याच्या घटना इथे घडल्या आहेत. तरी सेल्फीसाठी कठड्यापलीकडे जाणारे आपल्यातही असतात, आणि समितीचा एकही माणूस तिथे उभा नसतो.

पाण्यात उतरायला पार्कमध्ये सर्वत्र मनाई आहे. पोहायचं नाही आणि पायही बुडवायचे नाहीत. इलिनॉय नदी संथ दिसते, पण समोरच बंधारा आहे, ओढ खालून असते आणि तळ अचानक खोल होतो. मुलांना हे बसमध्येच सांगावं. काठावर गेल्यावर कोणी ऐकत नाही.

पायांत काय हवं, तेही सूचनेत लिहायला हवं. फ्रेंच घळीत शिरताना अरुंद ओढ्यातून, दगडात कोरलेल्या खाचांवर पाय देत चढावं लागतं. ओल्या वालुकाश्मावर शेवाळ आलं की सपाट तळाची चप्पल, कोल्हापुरी, क्रॉक्स सगळं घसरतं. खोल नक्षीच्या तळाचे बूट आणि जास्तीची मोज्यांची जोडी, एवढं पुरे. स्ट्रोलर पायऱ्यांवर निरुपयोगी. तान्ह्यासाठी पाठीवरची किंवा पोटावरची झोळी आणावी. पायवाट सोडून गवतात शिरलं की टिक (गोचीड) चिकटतात, म्हणून घरी गेल्यावर मुलांचे कान, मान, गुडघ्यामागची बाजू तपासावी. तीन-तीन पानांची, अंगाला लागली की पुरळ उठवणारी पॉयझन आयव्ही वाटेच्या कडेलाच असते आणि फुलं तोडायला गेलेला हात हमखास तिलाच लागतो. वादळाचा इशारा असेल तर घळीत उतरू नये. ओढा पाहता पाहता चढतो आणि वरची झाडं खाली येतात. नदीपलीकडच्या युटिका गावात २० एप्रिल २००४ च्या टॉर्नेडोत आठ जण गेले होते. वसंतात सहल काढा असं आम्हीच म्हणतो आहोत, तेव्हा हवामानाच्या इशाऱ्यावर नजर ठेवणारा एक माणूस नेमणं ओघानेच आलं.

एक गोष्ट शरमेची. या मऊ खडकावर नावं कोरलेली आहेत, ढिगाने. राजगडाच्या भिंतीवर बदाम कोरणाऱ्याला आपण व्हॉट्सॲपवर शिव्या घालतो, तोच नियम इथेही लावू या.

आता मुख्य तक्रार, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. समिती एका पार्कच्या पार्किंगला सहल समजते. गावं कोणी पाहतच नाही. ओटावा, युटिका आणि लसाल ही तीन गावं साधारण पंधरा मैलांत आहेत, आणि दिवसाचा निम्मा आनंद तिथे आहे. विशेषतः ज्येष्ठांचा. गुडघे दुखणारी आई जुलैच्या उन्हात घडीच्या खुर्चीवर चार तास पिशव्या राखत बसते, आणि भारतात गेल्यावर सांगते की अमेरिकेत पार्किंग लॉट फार छान असतात. तिला काय काय दाखवता आलं असतं, तेच पाहू.

युटिकाच्या बाजूने, नदीच्या उत्तर काठावर, डी बेनेट रोडला इलिनॉय वॉटरवे व्हिजिटर सेंटर आहे. समोर स्टार्व्ड रॉकचं लॉक (बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी दरवाजांची पेटी) आणि बंधारा. लॉकची पेटी ६०० फूट लांब, ११० फूट रुंद. धान्य, खत, खडी वाहणारे बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू होड्या) पंधरा-पंधराच्या जथ्याने येतात. अख्खा जथ्था पेटीत मावत नाही, म्हणून तो मधून सोडून दोन खेपांत पार करावा लागतो. दरवाजे मिटतात, पाणी चढतं किंवा उतरतं, बार्ज पुढे सरकतात. हे खुर्चीवर बसून पाहता येतं, आणि निवृत्त इंजिनियर बाबांना तिथून उठवणं कठीण जातं. हिवाळ्यात बंधाऱ्याखालचं पाणी गोठत नाही, म्हणून मासे धरायला बॉल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, जमतात. समोरचं प्लम आयलंड त्यांच्याचसाठी इलिनॉय ऑड्युबॉन सोसायटी या पक्षीसंरक्षण संस्थेने २००४ मध्ये विकत घेतलं. जानेवारी-फेब्रुवारीत दुर्बिणी घेऊन छोटी सहल काढायला हरकत नाही. घळींत तेव्हा गोठलेले धबधबे असतात. बुटांना बर्फाचे काटे मात्र लावावे लागतात.

युटिकातून इलिनॉय-मिशिगन कालवा जातो. ९६ मैलांचा हा कालवा १८४८ मध्ये खुला झाला आणि महासरोवरं-इलिनॉय नदी-मिसिसिपी अशी शिकागोची जोडणी पुरी झाली. शिकागो एवढं वाढलं त्यात या खणलेल्या चराचा वाटा मोठा. पाचच वर्षांत शेजारून रेल्वे आली आणि प्रवासी तिकडे गेले. माल मात्र पुढेही बरीच वर्षं कालव्यातून जात राहिला. १९३३ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये या पट्ट्याला देशातला पहिला नॅशनल हेरिटेज कॉरिडॉर म्हणून दर्जा मिळाला. लसालला कालव्याच्या शेवटाजवळ त्या काळच्या बोटीची प्रतिकृती आहे. काठावरून खेचर ओढतं आणि तासाभराची फेरी होते. मोसमी असते, म्हणून फेरी चालू आहे ना हे आणि वेळापत्रक पाहून आधी आरक्षण करावं. आजी-आजोबा आणि नातवंडं एका बाकावर बसून एकच गोष्ट पाहतील अशा जागा या देशात फार नाहीत.

लसालमध्येच हेगलर-कॅरस हवेली आहे, १८७० च्या दशकातली. एडवर्ड हेगलर आणि फ्रेडरिक मॅथिसन हे जस्ताच्या कारखान्यातले भागीदार. मॅथिसन पार्क एकेकाळी त्या मॅथिसनची खाजगी बाग होती. हेगलरने ओपन कोर्ट ही प्रकाशनसंस्था काढली आणि त्याचा जावई पॉल कॅरस तिचा संपादक झाला. १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला कॅरस हजर होता. विवेकानंदांची ती परिषद आपल्याला पाठ असते, पण मुंबईचे बी. बी. नागरकर ब्राह्मसमाजातर्फे तिथे बोलले होते हे मराठी मंडळांतही फारसं कोणाला ठाऊक नसतं. परिषदेनंतर झेनचे अभ्यासक डी. टी. सुझुकी जपानहून येऊन १८९७ पासून ११ वर्षं याच लसालला राहिले. अमेरिकेत पूर्वेकडचं तत्त्वज्ञान छापलं जाण्याचं एक मोठं केंद्र या जस्ताच्या गावात होतं. गणपतीत विवेकानंदांवर भाषण ठेवणाऱ्या मंडळांनी तरी हे घर वगळू नये.

ओटावाच्या वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये २१ ऑगस्ट १८५८ रोजी लिंकन आणि सिनेटच्या निवडणुकीतला त्याचा प्रतिस्पर्धी डग्लस यांचा पहिला वादविवाद झाला, विषय गुलामगिरी. चौक सपाट, झाडांच्या सावलीचा, बाकं भरपूर. गावात थोडं पुढे एका मुलीचा ब्राँझचा पुतळा आहे, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात ट्युलिप. १९२२ मध्ये इथे रेडियम डायल कंपनी आली. अंधारात चमकणारे घड्याळाचे आकडे रंगवताना ब्रशचं टोक ओठांनी बारीक करायला तिथल्या मुलींना शिकवलं जाई. रेडियम पोटात गेलं, हाडांत बसलं. १९३८ मध्ये त्यांच्यातली कॅथरीन डोनह्यू कंपनीविरुद्ध इलिनॉयच्या औद्योगिक आयोगापुढे जिंकली आणि त्याच वर्षी वारली. पुतळा २०११ चा. आपल्या शाळकरी मुलींना इथे दहा मिनिटं उभं करावं असं आम्हाला वाटतं.

ओटावाच्या पश्चिमेला पाच मैलांवर बफेलो रॉक स्टेट पार्क आहे, लहान आणि बरंच रिकामं. कोळशाच्या उघड्या खाणीने नासलेल्या जमिनीवर मायकेल हायझर या शिल्पकाराने १९८० च्या दशकात मातीचे पाच प्रचंड प्राणी घडवले: बेडूक, कासव, साप, कॅटफिश आणि पाण्यावर पळणारा निवळीचा किडा. जमिनीवरून तो प्राणी आहे हे पटकन कळत नाही, म्हणून आधी वरून काढलेला फोटो दाखवावा. नदीचा देखावा मात्र लगेच कळतो.

स्टार्व्ड रॉकवर एवढी गर्दी करून तो खडक काय आहे हेही कोणी सांगत नाही. नदीपलीकडे इलिनॉय जमातींचं कास्कास्किया हे मोठं गाव होतं. १६७३ मध्ये मार्केट (Marquette) आणि जोलिए हे फ्रेंच शोधप्रवासी तिथे पोहोचले. पुढे फ्रेंचांनी या खडकावर सेंट लुई किल्ला बांधला. शत्रूंनी वेढा घातला आणि वर अडकलेले इलिनॉय लोक उपाशी मेले, अशी १७६९ च्या सुमाराची दंतकथा सांगितली जाते आणि नाव त्यावरून पडलं. दंतकथा म्हणूनच सांगावी, पण सांगावी. वेढ्याची गोष्ट मराठी मुलांना समजावून द्यावी लागत नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. बाहेर ठेवलेलं शिजवलेलं अन्न दोन तासांत संपवायला हवं, आणि पारा ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर तासाभरात. दहीभात, श्रीखंड, अंड्याचं सँडविच जुलैच्या गाडीत ठेवू नये. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, थालीपीठ, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गुळपोळी हे आपल्या प्रवासाचं खाणं उगाच ठरलेलं नाही. पाणी माणशी दोन लिटर, कारण घळींत नळ नाही. जमिनीवर आग पेटवायला मनाई आहे. थर्माकोलच्या ताटल्यांनी भरलेली पिंपं मागे ठेवून येऊ नये. दर वीस माणसांमागे दोन मोठ्या पिशव्या न्याव्या आणि कचरा परत आणावा. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवावा. घळीत आवाज घुमतो आणि पलीकडच्या घळीत पक्षी पाहायला आलेला माणूसही सुट्टीच काढून आलेला असतो.

आमच्या मागण्या अशा:

१. सहल मेच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावी. मदर्स डेचा शनिवार-रविवार टाळावा.

२. पार्कच्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी आणि ती मिळेपर्यंत पैसे गोळा करू नयेत.

३. साठ गाड्यांऐवजी बस करावी. निघणं सव्वासहाला, पार्किंगमध्ये पोहोचणं आठच्या आत. ‘आपल्या लोकांना सकाळी जमत नाही’ हे कारण चालणार नाही; हेच लोक पहाटे चारला उठून विमान पकडतात.

४. सगळ्यांना एकाच पार्कमध्ये कोंबू नये. निम्मे स्टार्व्ड रॉकला (व्हिजिटर सेंटर, खडकाचा माथा, फ्रेंच घळ, वाइल्डकॅट घळ आणि परत, मुलांसह अडीच तास धरावे), निम्मे मॅथिसनला. पुढच्या वर्षी अदलाबदल.

५. चालू न शकणाऱ्यांसाठी पहिल्या दिवसापासून वेगळा कार्यक्रम छापावा: सकाळी १९३० च्या दशकातल्या लाकडी लॉजमध्ये चहा, मग लॉक आणि बंधारा. अकराच्या पुढे सगळे एकत्र: जेवण, लसालची बोट किंवा हवेली, साडेतीनला ओटावा, वेळ उरला तर बफेलो रॉक. सातपर्यंत घरी.

६. युटिकाची उपाहारगृहं लहान आहेत. दीडशे जणांनी एकदम शिरू नये, पण सगळा शिधा घरून नेऊन गावात एक डॉलरही न खर्चणं हेही बरं नव्हे. कॉफी, आइस्क्रीम, ॲपल पाय तिथे घ्यावेत, वीस-वीसच्या तुकड्यांनी.

७. दर वीस माणसांमागे एक स्वयंसेवक, त्याच्याकडे कागदी नकाशा, प्रथमोपचाराची पेटी आणि आपल्या तुकडीची नावं. घळीत शिरताना आणि बाहेर पडताना मोजणी.

यंदाची जुलैची तारीख अजून रद्द करता येते. तोवर घळींची वाट न धरता ज्येष्ठांना घेऊन लॉक, बोट आणि ओटावा एवढी अर्ध्या दिवसाची फेरी काढावी. तिला फार गर्दी लागत नाही आणि धबधबाही लागत नाही. पुढच्या मेची तयारी जानेवारीत सुरू करावी: आधी परवानगी, मग बस, मग बोटीचं आरक्षण, आणि त्यानंतर वडे किती करायचे ते. नकाशा, वेळापत्रक आणि ज्येष्ठांच्या कार्यक्रमाचं काम आम्ही अंगावर घ्यायला तयार आहोत. समितीने होय किंवा नाही ते सर्व सभासदांना मेलने कळवावं.

आपले,
शिकागो परिसरातले काही वर्गणीदार सभासद